वॉल्ड लेकचं लहान इंजिन

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आम्ही १९९६ साली राहायला आलो. तेव्हा गणपतीच्या आरतीला चार मराठी घरं जमली तरी खूप झाल्यासारखं वाटायचं. आता तेवढी घरं एका गल्लीत सापडतात. गावाला लागूनच उत्तरेला वॉल्ड लेक आहे. मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायला मी त्या बाजूला कित्येक वर्षं जात होतो. वाटेत एका कंपनीची पाटी दिसायची, विल्यम्स इंटरनॅशनल. इथल्या शेकडो कंपन्यांसारखी ही पण मोटारीचे सुटे भाग करत असेल, असं मी धरून चाललो होतो.

माझा स्वतःचा धंदा टर्बोचार्जरचा. मोटारीच्या धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारं एक चाक, त्याच दांड्यावर हवा दाबणारं दुसरं चाक, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे. छोट्या चाकांची दुखणी मला चांगली ठाऊक होती. तरीही या पाटीमागे जगातल्या सगळ्यात लहान टर्बोफॅन इंजिनाचा जन्म झाला होता, हे कळायला मला सहा वर्षं लागली. कळल्यावर मात्र जुन्या एका रात्रीची आठवण झाली आणि मी या इंजिनाचा इतिहास शोधायला लागलो. तोच इथे सांगतो आहे.

लहान म्हणजे सोपं नव्हे

आपण मुंबईला जातो त्या विमानाच्या पंखाखाली जी दोन मोठी इंजिनं लटकलेली असतात, ती टर्बोफॅन. पुढे एक मोठा पंखा, त्याच्यामागे गाभा. गाभ्यात हवा दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइनची चाकं फिरवतो आणि त्याच चाकांच्या दांड्यावर पुढचा पंखा फिरतो. पंख्याने ओढलेल्या हवेपैकी काही गाभ्यात शिरते, उरलेली गाभ्याला वळसा घालून तशीच मागे जाते. थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा जास्त हवा बेताच्या वेगाने फेकली तर तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो. वळसा घालणाऱ्या हवेचं महत्त्व एवढंच, आणि लांबचा पल्ला गाठायचा तर ते फार मोठं आहे.

मग हेच इंजिन दहावा भाग करून का बनवू नये? कारण हवा, धातू आणि इंधन त्याबरोबर लहान होत नाहीत. पात्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला ४०० मीटर ठेवायचा असेल, तर दोन मीटर व्यासाच्या पंख्याला मिनिटाला सुमारे ३,८०० फेरे पुरतात. पंधरा सेंटिमीटरच्या चाकाला त्यासाठी ५१,००० फेरे घ्यावे लागतात. बेअरिंगं, तेल, दांड्याचा समतोल, सगळ्यांची परीक्षा तिथे होते. पातं आणि भोवतालचं कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. मोठ्या इंजिनात ती पात्याच्या उंचीच्या मानाने नगण्य असते. लहान इंजिनात फट जवळपास तेवढीच राहते, पातं मात्र नखाएवढं झालेलं असतं. मग दाबलेली हवा त्या फटीतून मागे पळते. मोठ्या टर्बाइनची पाती पोकळ करून त्यांत थंड हवा खेळवतात. नखाएवढ्या पात्यात तशा वाटा कोरणं फार कठीण. इंधन फवारणाऱ्या तोट्या इतक्या बारीक होतात की कचऱ्याच्या कणानेही त्या तुंबाव्यात. म्हणूनच जेट इंजिनांचा इतिहास मोठं करत नेण्याचा आहे. लहान करण्याच्या वाटेला फार थोडे गेले, आणि त्यांत सॅम विल्यम्स यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

मोटारींच्या गावातली टर्बाइन

सॅम विल्यम्स यांचा जन्म १९२१ चा. पर्ड्यू विद्यापीठातून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि डेट्रॉईटच्या क्रायस्लर कंपनीत लागले. मोटारीला पिस्टन इंजिनाऐवजी गॅस टर्बाइन बसवायची, हे त्या काळात क्रायस्लरचं मोठं स्वप्न होतं. १९६३ मध्ये तर टर्बाइनवर चालणाऱ्या पन्नास मोटारी कंपनीने सामान्य कुटुंबांना वापरून बघायला दिल्या. ते स्वप्न बाजारात उतरलं नाही, पण त्यापायी लहान टर्बाइन जाणणारी माणसं डेट्रॉईटमध्ये तयार झाली. विल्यम्स त्यांतलेच एक. १९५५ मध्ये त्यांनी नोकरी सोडून जवळच्याच बर्मिंगहॅम गावात विल्यम्स रिसर्च ही कंपनी काढली. पुढे ती वॉल्ड लेकला आली.

कंपनीचं पहिलं यश म्हणजे साठच्या दशकातलं डब्ल्यूआर-२ हे छोटं टर्बोजेट. या घराण्यातली इंजिनं तोफखान्याच्या सरावासाठी उडवायच्या लक्ष्य-विमानांत आणि कॅनडात बनलेल्या एका टेहळणी ड्रोनमध्ये बसली. पण टर्बोजेटला इंधन फार लागतं. म्हणून विल्यम्स यांनी त्याच गाभ्याभोवती पंखा आणि दुसरा दांडा बसवला आणि त्यातून डब्ल्यूआर-१९ तयार झालं. वजन सुमारे ६७ पौंड, म्हणजे तीस किलो. आखाती विमान कंपन्या एका प्रवाशाला जेवढं सामान नेऊ देतात, साधारण तेवढंच. रेटा मात्र ४३० पौंडांचा.

तुंबणाऱ्या तोट्यांवर त्यांनी वापरलेली युक्ती मला विशेष आवडते. फ्रान्समधल्या टर्बोमेका कंपनीने ती आधी वापरली होती. तोट्या काढूनच टाकायच्या. इंधन दांड्याच्या आतून आणायचं आणि फिरत्या दांड्याच्या बारीक भोकांतून बाहेर भिरकावू द्यायचं. गोफणीतून दगड सुटावा तसं ते सुटतं आणि वेगामुळे आपोआप त्याचं धुकं होतं. लहान इंजिनाला जाच वाटणारा प्रचंड वेग इथे कामाला येतो. शिवाय दोन दांडे एकमेकांच्या उलट दिशेने फिरवल्यामुळे भोवऱ्यासारखा अडून बसण्याचा त्यांचा गुण बराचसा एकमेकांत विरून जातो.

पाठीवर बांधलेलं इंजिन

भोवऱ्याचं हे दुखणं कमी झालं नसतं तर पुढची गोष्ट घडली नसती. बेल कंपनीने आधी पाठीवर बांधून उडायचा रॉकेट पट्टा केला होता. तो माणसाला उचलत असे, पण जेमतेम वीस सेकंद. सैनिकाला वीस सेकंदांत कुठे पोचवणार? मग त्यांनी रॉकेट काढून डब्ल्यूआर-१९ उभं करून बसवलं. ७ एप्रिल १९६९ रोजी एका माणसाने पाठीवर टर्बोफॅन बांधून मोकळं उड्डाण केलं. हे आता मिनिटांच्या हिशोबात उडणारं यंत्र होतं. पण पाठीवर असं धूड घेऊन उतरताना पाय मोडायची भीती, कानाशी किंचाळणारं इंजिन आणि किंमत, या सगळ्यांपुढे लष्कराचा उत्साह मावळला. पट्ट्याचे जनक वेंडेल मूर त्याच वर्षी मे महिन्यात वारले आणि प्रकल्पही थंडावला.

इंजिन मात्र लोकांच्या नजरेत भरलं होतं. फक्त त्याला कुणा माणसाला घेऊन जायचं नव्हतं.

एकदाच उडण्यासाठी

सत्तरच्या दशकात अमेरिकेला असं क्षेपणास्त्र हवं होतं जे रॉकेटसारखं आकाशात न चढता, छोट्या विमानासारखं जमिनीलगत हजारो किलोमीटर उडत जाईल. पाणबुडीच्या टॉर्पेडो नळीतून सोडायचं तर त्याचा व्यास एकवीस इंचांत बसला पाहिजे. बॉम्बर विमानाच्या पोटात एकाशेजारी एक मावलं पाहिजे. आणि पल्ला एवढा, की टर्बोजेट असतं तर इंधनालाच जागा पुरली नसती. उपलब्ध इंजिनांत या चौकटीत बसणारं एक होतं, वॉल्ड लेकचं.

डब्ल्यूआर-१९ वाढवून केलेल्या या इंजिनाचं लष्करी नाव एफ-१०७. व्यास १२ इंच, वजन १४६ पौंड, रेटा सुमारे ६०० पौंड. आपण चेक-इन करतो तशा तीन बॅगांएवढं वजन. पुढे दोन टप्प्यांचा पंखा, मग हवा दाबणारी चाकं, त्यांतलं शेवटचं टर्बोचार्जरमध्ये असतं तसं हवा परिघाकडे फेकणारं, मग तीच इंधनाची गोफण आणि शेवटी टर्बाइनची तीन चाकं. गाभ्यातून जेवढी हवा जाई, साधारण तेवढीच बाहेरून वळसा घेई. बोइंगच्या हवेतून सोडायच्या क्षेपणास्त्रात आणि नौदलाच्या टोमाहॉकमध्ये, दोन्हींत हेच घराणं बसलं.

एका लहान इंजिनाने केवढी उलथापालथ व्हावी? ३० जून १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी बी-१ या नव्या बॉम्बर विमानाचं उत्पादन रद्द केलं. जुन्या बी-५२ विमानांवरून क्रूझ क्षेपणास्त्रं सोडून तेच काम होईल, हा त्यामागचा एक मोठा हिशोब होता. रेगन यांनी पुढे बी-१ परत आणलं ती गोष्ट वेगळी. १९७८ सालची कॉलियर ट्रॉफी, म्हणजे अमेरिकन विमानविद्येतला सर्वात मानाचा पुरस्कार, या छोट्या इंजिनासाठी सॅम विल्यम्स यांना मिळाली.

माझ्यासारख्या इंजिनिअरला या इंजिनातली एक गोष्ट अस्वस्थ करते. आम्ही टिकाऊपणासाठी झिजतो. मोटारीची टर्बो दीड लाख मैल चालली पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं चाचण्या करतो. एफ-१०७ ने वर्षानुवर्षं डब्यात पडून राहायचं, हुकूम आला की काही सेकंदांत सुरू व्हायचं, दोन-तीन तास बिनचूक चालायचं आणि संपायचं. युद्धातलं त्याचं पहिलं उड्डाण हेच त्याचं शेवटचं. एवढी बारीक कारागिरी, आणि तिचा शेवट ठरलेला. त्यातही ती उत्तम चालली याचा अर्थ पलीकडे कुणाचं तरी छप्पर उडालं.

१९९१

१७ जानेवारी १९९१. मी तेव्हा ॲन आर्बरला शिकत होतो. होस्टेलच्या टीव्हीपुढे आम्ही पाच-सहा भारतीय मुलं बसलो होतो. बगदादचं हिरवट आकाश, त्यात उडणारे ठिपके, आणि हॉटेलच्या खिडकीतून बोलणारे वार्ताहर. रस्त्यांवरून वळणं घेत जाणारी क्षेपणास्त्रं पाहिल्याचं लोक सांगत होते. त्या युद्धात अमेरिकेच्या नौदलाने २८८ टोमाहॉक सोडली.

माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तेव्हा बहारीनला एका बांधकाम कंपनीत होता. आधीच्या उन्हाळ्यात इराकने कुवेत घेतलं, तेव्हा तिथल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी घरी आणलं होतं. दादाच्या ओळखीची कित्येक कुटुंबं हातातल्या पिशवीनिशी मुंबईला उतरली होती. दादा मात्र बहारीनलाच राहिला. दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा तो म्हणाला, "अरे, सायरन वाजला की आम्ही जिन्याखाली बसतो. वरून जातंय ते आपलं की त्यांचं, ते काय कळतंय?" आखातातल्या वाचकांपैकी अनेकांकडे त्या दिवसांच्या याहून गडद आठवणी असतील.

त्याच वर्षी, २९ एप्रिल १९९१ रोजी, कॅन्ससमध्ये सेसना कंपनीच्या सायटेशनजेट या छोट्या विमानाने पहिलं उड्डाण केलं. त्याच्या शेपटीजवळ दोन इंजिनं होती, विल्यम्सची एफजे-४४. एका घराण्यातली ही दोन भावंडं. एक जानेवारीत बगदादवर गेलं, दुसरं एप्रिलमध्ये माणसं घेऊन उडालं. मध्ये साडेतीन महिने.

टिकायला शिकलेलं भावंडं

एफजे-४४ म्हणजे क्षेपणास्त्राचं इंजिन मोठं करून विमानाला लावलं, असं मात्र समजू नये. माणसं बसणार म्हटल्यावर नियमच बदलतात. पक्षी आत शिरला, गारा पडल्या, पातं तुटलं, तरी तुटलेला तुकडा कवचाबाहेर येता कामा नये. हजारो तास, हजारो वेळा सुरू आणि बंद. आणि हे सगळं अशा किमतीत, की सहा-सात माणसांचं जेट विमान परवडावं. विल्यम्स यांनी भागांची संख्याच कमी केली. पंख्याचं चाक आणि पाती टायटेनियमच्या एकाच तुकड्यातून कोरली, म्हणजे सांधे गेले आणि सांध्यांची दुखणीही. हवा दाबायला पंख्यामागे दोनच चाकं, टर्बाइनची तीन. गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या तिपटीहून जास्त हवा आता बाहेरून जात होती, म्हणून इंधन कमी आणि आवाजही बेताचा. रेटा १,९०० पौंड. या कामासाठी कंपनीने रोल्स-रॉइसशी भागीदारी केली आणि १९९२ मध्ये इंजिनाला नागरी वापराची मान्यता मिळाली.

पुढे या इंजिनाची घराणी वाढली. स्वीडनच्या हवाई दलाने आपल्या जुन्या साब-१०५ प्रशिक्षण विमानांची मूळ इंजिनं काढून ही बसवली. सायटेशनची मोठी भावंडं आली तसा रेटा वाढत ३,६०० पौंडांवर गेला. आणि २००५ च्या २८ फेब्रुवारीला स्टीव्ह फॉसेट नावाचा गृहस्थ कॅन्ससमधल्या सलायनाहून ग्लोबलफ्लायर या विमानातून एकटाच निघाला, कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीला फेरी मारून ३ मार्चला तिथेच उतरला. विमानाला इंजिन एकच, एफजे-४४. उड्डाणाच्या सुरुवातीलाच टाक्यांतून बरंच इंधन बाहेर निघून गेलं होतं. तरीही ते इंजिन सदुसष्ट तास न थांबता चाललं. दोन-तीन तासांत संपण्यासाठी जन्मलेल्या घराण्यातलं हे इंजिन होतं, हे त्या दिवशी टीव्हीवर कुणी सांगितलं नाही.

सगळं जमलं असंही नाही. १९९६ मध्ये नासाने लहान विमानांसाठी स्वस्त आणि हलकी इंजिनं करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. विल्यम्स यांनी शंभर पौंडांच्या आत वजन आणि सातशे पौंड रेटा असं इंजिन करायला घेतलं. त्याच्या भरवशावर एक्लिप्स नावाची नवी कंपनी उभी राहिली. मोटारीसारखं भाड्याने मिळणारं हवाई टॅक्सीचं जेट करू, असं तिचं म्हणणं. २६ ऑगस्ट २००२ ला त्या विमानाचं पहिलं उड्डाण झालं. तीन महिन्यांत कंपनीने विल्यम्सचं इंजिन सोडून दिलं आणि पुढे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं घेतलं. २००८ मध्ये एक्लिप्सचंही दिवाळं निघालं. लहान करत जाण्याला एक तळ असतो आणि तो कागदावर दिसत नाही, हा धडा मला टर्बोच्या धंद्यातही दोनदा मिळालेला आहे.

पण विल्यम्स यांचं मूळ स्वप्न वेगळ्या वाटेने खरं झालं. २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं सिरस कंपनीचं व्हिजन जेट पाठीवर एकच इंजिन घेऊन उडतं, विल्यम्सचं एफजे-३३. ते बघायला स्वतः विल्यम्स नव्हते, २००९ मध्ये ते गेले. आयुष्याच्या उत्तरार्धात डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली होती. अंधांना काही अंशी दिसावं म्हणून कृत्रिम पडदा बनवणारी सेकंड साइट ही कंपनी १९९८ मध्ये सुरू झाली, तिच्या संस्थापकांत त्यांचंही नाव आहे.

कुंपण

या गोष्टीत आपणही एका कोपऱ्यात आहोत. लहान आणि कमी इंधन पिणारं टर्बोफॅन ज्याच्याकडे, त्याच्याकडे लांब पल्ल्याचं क्रूझ क्षेपणास्त्र, हे समीकरण जगाने ओळखलं. १९८७ मध्ये काही देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था केली. तिच्या यादीत अशी लहान इंजिनंही आली. भारत तेव्हा कुंपणाबाहेर होता. २०१६ च्या जूनमध्ये तो सदस्य झाला, पण सदस्य झालं म्हणून कुणी आपल्या इंजिनाची गुपितं हातात देत नाही. निर्भय क्षेपणास्त्र आधी रशियन इंजिनावर उडवावं लागलं. दरम्यान बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेत 'माणिक' नावाचं देशी लहान टर्बोफॅन तयार होत होतं. एप्रिल २०२४ मध्ये ओडिशातल्या चांदीपूरहून झालेल्या चाचणीत देशी इंजिनावर क्रूझ क्षेपणास्त्र उडालं. विल्यम्स यांना तीस किलोचं इंजिन जमलं त्याला तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं. एवढा वेळ का लागला, हे फटीचं आणि फेऱ्यांचं गणित पाहिल्यावर वेगळं सांगायला नको.

हेच कुंपण मीही एकदा जवळून पाहिलं. नव्वदच्या दशकात लहान टर्बाइनच्या कामाची एक जाहिरात पाहून मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने विचारलं, "तुम्ही नागरिक आहात की ग्रीन कार्डधारक?" मी व्हिसावर होतो. बोलणं तिथेच संपलं. तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, ते काम मिळालं असतं तर मी विमानाच्या इंजिनावर असतो की क्षेपणास्त्राच्या, हे ठरवणं माझ्या हातात राहिलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात दादा आमच्याकडे आला होता. आता पंचाहत्तरीला आला आहे. पाँटियाकजवळच्या विमानतळाबाहेर गाडी उभी करून आम्ही लहान जेट उतरताना बघत बसलो. एक सायटेशन आलं. मी त्याला ही सगळी कथा सांगितली. वॉल्ड लेक, पाठीवरचं इंजिन, टोमाहॉक आणि हे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही जिन्याखाली बसलो होतो तेव्हा बगदादवर गेलेलं ते तुझ्या घराशेजारचं होतं तर."

"तेव्हा मी इथे राहत नव्हतो, दादा," मी म्हटलं.

"हो, पण आता राहतोस ना," तो म्हणाला आणि धावपट्टीकडे बघत राहिला. विमानातून एक आजीबाई काठी टेकत उतरत होत्या.